कांदळबंदरचा ओ देण्याचा खडक

कांदळबंदराच्या खाडीत शिरणारी प्रत्येक होडी तोंडाशी असलेल्या काळ्या खडकापाशी थांबते. मासेमारीची असो, वाळूची असो, नाहीतर पाहुण्यांची लाँच असो. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, एकेकाचं नाव पुकारतो आणि ज्याचं नाव त्यानेच धक्क्यापर्यंत पोचेल अशी ओ द्यायची. शहरातली माणसं हसतात, एकमेकांचे व्हिडिओ काढतात. धक्क्यावर पाहुण्यांना उतरवून घेणारे सदूकाका कुबल हे रोज बघतात. बंदरावर तीस वर्षं काढलेला माणूस; हसणाऱ्यांचा त्यांना राग येत नाही, कीव येते.

"हसा वायच," ते म्हणतात. "हसान झाला की सांगतंय."

सव्वाशे वर्षांपूर्वी, असं सांगतात, या गावात विश्रामशेट तायशेटे नावाचे व्यापारी होते. डोक्यावर सुंभाची भेंडोळी घेऊन अनवाणी बाजार फिरणारा हा माणूस चाळिशीत तीन गलबतांचा मालक झाला. त्यांच्या यशाचं मर्म म्हणे एकच. इतरांची गलबतं खाडीत शिरताना डोलकाठीवर निशाण चढवून मालाची वर्दी द्यायची. शेटच्या गलबतांची डोलकाठी कायम बोडकी. आत काय आहे ते धक्क्याला लागेपर्यंत कुणाला कळायचं नाही, आणि कळेपर्यंत शेटनी सौदा उरकलेला असायचा. आपल्या तांडेलांना त्यांनी वीस वर्षं हेच पढवलं होतं.

गावात म्युनिसिपालटी आली तेव्हा लोकांनी त्यांनाच अध्यक्ष केलं. ते फार लाडके होते असं नाही, पण बोललेला शब्द मागे घेणारा माणूस नव्हे, एवढी खात्री सगळ्यांना होती.

मग मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला. घरंच्या घरं बसली. शेटनी नियम केला: मुंबईहून येणारं गलबत दहा दिवस खडकापाशी उभं राहील. रोज दुपारी गावातून जेवण नेऊन खडकावर ठेवायचं, नेणारे परतले की गलबतावरच्यांनी ते उचलायचं आणि रिकामी भांडी तिथेच ठेवायची. आत कुणी आजारी पडलं तर डोलकाठीला तांबडं फडकं बांधायचं, म्हणजे दवाखान्याचा डॉक्टर जाईल. धक्क्यावर कुजबूज झालीच. शेटचं स्वतःचं गलबत येऊ दे, मग बघू नियम!

पंधरा दिवसांत ते मुंबईहून आलं. तांडेल होता गुणाजी, शेटचा सगळ्यात जुना माणूस. आणि आत होती मथुरा, शेटची एकुलती एक लेक. आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सासरच्या एका म्हातारीला सोबत घेऊन निघालेली.

सारा गाव धक्क्यावर जमला. लेक हिरवं लुगडं नेसून गलबताच्या कडेला उभी होती. शेटनी बघितलं आणि सांगितलं, "दहा दिवस." तेवढंच. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. पण चारचौघांत लेकीला हाका मारायची रीत नव्हती, हे एक. आणि दुसरं त्यांनी पुढे कधीतरी बोलून दाखवलं म्हणतात: तिने ओ दिली असती तर आपल्याला नियम पाळवला नसता.

रोज दुपारी सुभद्राबाई, शेटची बायको, लेकीसाठी वेगळी टोपली पाठवायची. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार. रोज टोपली रिकामी परत यायची. पाचव्या दिवसापासून हिरवं लुगडं दिसेनासं झालं. शेट डोलकाठीकडे बघायचे. डोलकाठी बोडकी. "उन्हाचं कशाला बाहेर येईल," ते घरी सांगायचे. "जेवतेय ना पोर? मग झालं."

अकराव्या दिवशी गलबत धक्क्याला लागलं. म्हातारी उतरली, खलाशी उतरले. गुणाजी सगळ्यांत शेवटी उतरला आणि शेटपुढे उभा राहिला.

चौथ्या दिवशीच मथुरेला कळा सुरू झाल्या होत्या. ताप नाही, गाठ नाही, गलबतावर रोग नव्हताच. बाळ आडवं होतं. एक सुईण पुरली असती. दीड दिवस ती कण्हत होती. दोघांनाही खलाशांनी दर्यात सोडलं.

"फडकं?" शेटनी विचारलं.

"शेटांनू, तुमीच सांगितलास," गुणाजी म्हणाला. "धक्क्याक लागल्याशिवाय आतला कोणाक कळता नये. आणि मेल्याची गजाल लांबसून कशी आराडतलंय?"

शेट रडले नाहीत. ओरडले नाहीत. "माल उतरवा," ते म्हणाले, आणि माल उतरेपर्यंत तिथेच उभे राहिले. गुणाजीला त्यांनी कामावरून काढलं नाही. काय म्हणून काढायचं? त्याने हुकूम पाळला होता.

घरी सुभद्राबाईंनी एकच विचारलं. "टोपली रिती येय होती. मगे खाल्लां कोणी?"

शेटनी गुणाजीला बोलावणं पाठवलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. भरली टोपली परत पाठवायचा धीर कुणाला झाला नाही, आणि खलाशांच्या घशाखालीही उतरेना. "दर्यात सोडलंव," तो म्हणाला. सुभद्राबाई त्यानंतर तीन वर्षं जगली, पण चुलीपाशी गेली नाही.

पुढच्या सभेत शेट अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले, समोर आले ते कागद वाचले, सह्या केल्या. शेवटी एक ठराव मांडला. यापुढे फडकं नाही, निशाण नाही. खडकापाशी रोज नाव पुकारायचं आणि ज्याने त्याने आपल्या तोंडाने ओ द्यायची. दुसऱ्याची ओ दुसऱ्याने द्यायची नाही. कुणी विरोध केला नाही. मग अकरा वर्षं, अध्यक्ष होते तोवर, प्रत्येक गलबताची नावं शेटनी धक्क्यावर उभं राहून ऐकली. ऐकताना चेहऱ्यावर काही दिसायचं नाही म्हणतात. नावं संपली की मान हलवायची आणि घरी जायचं.

रोग गेला, दहा दिवसांचा नियम गेला, गलबतंही गेली. पण आजही होडीत पोटुशी बाई असली की तिचं नाव एकदाच पुकारतात आणि ओ ती दोनदा देते. दुसरी ओ ऐकू आल्याशिवाय तांडेल इंजिनाला हात लावत नाही.