मिशीवाल्याच्या खांद्यावरची पैठणी

येवल्याच्या हेमलता भावसारांना आपल्या पैठणीच्या दुकानातल्या गादीवर स्वस्थ बसवत नसे. दुबईतही दुकान काढायचं, या ध्यासानं त्या सारख्या येरझारा घालत. अखेर तिथल्या एका मॉलचे कारखानीस साहेब जागेचं ठरवायला बायकोसह आले आणि आल्याआल्या त्यांनी नाक मुरडलं.

"बाई, फॅशन चेहऱ्यावर खपते. आधी परदेशी मॉडेल आणा, मग जागेचं बोला!"

हेमलताबाईंनी नुसती रंगनाथला हाक मारली. साठीचा, टकलू, झुपकेदार मिशांचा हा जुना सेल्समन उठला. रोजच्या सवयीनं त्यानं जांभळी पैठणी स्वतःच्याच कमरेला गुंडाळली, निऱ्या घातल्या, मोरांचा पदर खांद्यावर टाकला आणि साहेबांच्या बायकोसमोर ऐटीत उभा राहिला.

"अगं बाई, काय सुरेख दिसतेय! हीच बांधून द्या," त्या हरखून म्हणाल्या.

हेमलताबाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, जी साडी या मिशांवर खपते, तिला दुबईत आणखी कुणाचा चेहरा लागणार?"

साहेबांनी जागा दाखवायला मॉलचा नकाशा उलगडायला घेतला. तो पुरता उलगडायच्या आतच बाईंनी विचारलं, "आणि लंडनला तुमच्या ओळखीचं कोण आहे?"