चार झिऱ्यांचे नंबर

एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. जंगल चांगलं होतं, पण उन्हाळ्यात नदी आटली की कुणाचा तोरा चालत नसे. उरत ते फक्त चार झिरे, म्हणजे वाळू उकरून केलेले पाण्याचे खड्डे. सगळे एका ओळीत. पहिला जांभळीच्या सावलीतला, तो रानडुकराचा. मग हरिणीचा, त्यापुढे साळिंदराचा, आणि शेवटी मोराचा.

आता या झिऱ्यांची खोड नीट ऐका. वाळूखाली पाणी सगळ्यांचं एकच. एकजण प्यायला, की शेजारच्या झिऱ्यात गाळ वर येई. मधे लांबच्या कुणाची पाळी जाऊ दिली, तर गाळ खाली बसे. पण एवढा धीर धरतो कोण? सगळे एकदम तोंडं घालत आणि सगळेच चिखल चाटत. पाडसाला चिखल गिळवेना. त्याचे पाय लटपटू लागले. शेवटी ठरलं, की एक ते चार नंबर लावायचे आणि शेजाऱ्यांचे नंबर लागोपाठ येऊ द्यायचे नाहीत.

"पहिला नंबर माझा, आणि झिराही हाच," रानडुक्कर गुरगुरलं. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

हरिणीने मोहाची चार फुलं ओळीत मांडली आणि नंबर लावून पाहू लागली. डुकराला पहिला दिला, की कसंही फिरवा, पुढे कुठेतरी दोन शेजारी एकामागे एक येतच. मोहाचा वास दाटला, ऊन पिवळंधमक झालं आणि तिचे डोळे मिटले. स्वप्नात ती स्वतःच पाणी झाली. वाळूखालून गार, सावकाश सरकत ती साळिंदराच्या झिऱ्यात वर आली. तिथून आपला झिरा टाकून डुकराकडे. मग पार पलीकडे मोराकडे. आणि सगळं निवल्यावर, अगदी शेवटी, स्वतःच्या झिऱ्यात.

जागी होताच ती म्हणाली, "पहिलं साळिंदर, दुसरे डुकरदादा, तिसरा मोर. शेवटी मी."

"अगं, पोर टिकेल का तोवर?" साळिंदराने विचारलं.

"चिखलाने तर नाहीच टिकणार."

"मी दुसरा?" रानडुकराने सुळे दाखवले.

"पहिला हवा तर साळिंदराशी झिरा बदला, दादा. झिरा हवा तर नंबर सोडा. दोन्ही धरून बसलात, तर कुणाच्या तरी तोंडी गाळ येणारच."

"येऊ दे. माझ्या तोंडी थोडाच येतो?"

मोर पिसं साफ करत म्हणाला, "खरंय. तुमची मान झिऱ्यात असते तेव्हा वाघ दिसला तर ओरडतो कोण, मीच ना? गाळाने माझा घसा बसला, तर मग तुमचं तुम्ही बघा."

रानडुकराने जांभळीकडे पाहिलं. "सावली काही सोडवत नाही," ते पुटपुटलं. "लावा दुसरा."

दुसऱ्या दिवशी पाळ्या सुरू झाल्या. पाडस आईच्या अंगाला टेकून कसंबसं उभं होतं. साळिंदर प्यायलं, डुक्कर प्यायलं, मोर प्यायला. मग पाडस पुढे झालं. झिरा इतका नितळ होता, की त्यात आधी आभाळ दिसलं आणि मग एक पाडस. त्या पाडसाच्या तोंडाला तोंड लावून ते पोटभर प्यायलं.

तात्पर्य : पहिला नंबर एकालाच मिळतो. हट्ट सोडून नंबर लावले, तर पाणी मात्र सगळ्यांना मिळतं.