अकरा वेळा दारू सोडणारा धाकू तारी

खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधी पाणकोंड गावात धाकू तारी राहायचा. माणसांना होडीतून पलीकडच्या काठावर पोचवणं हे त्याचं काम. त्याच्यासारखा वल्हवणारा आसपासच्या गावांत नव्हता, आणि त्याच्यासारखा पिणाराही नव्हता.

एकदा त्याने अख्खं वऱ्हाड होडीत घेतलं आणि तासभर वल्हवून पुन्हा आपल्याच धक्क्याला आणून उतरवलं. 'व्याही सामोरे आले नाहीत' म्हणून नवऱ्याचा बाप तिथेच रुसून बसला, असं म्हणतात.

त्या दिवशी धाकूने देवळातली घंटा वाजवून दारू सोडली. चार महिने प्यायला नाही. शिमग्यात प्याला. पुन्हा घंटा वाजवली, पुन्हा सोडली. मग मेव्हण्याच्या लग्नात प्याला. मग म्हैस व्याली म्हणून, मग म्हैस मेली म्हणून. पुढे पुढे घंटा ऐकून लोक जेवणावरून उठेनासे झाले. गुरव आतूनच विचारायचा, "धाकू का?" देवीसुद्धा कूस बदलायची, असं म्हणतात.

सातव्यांदा मोडल्यावर मात्र तो देवळात गेलाच नाही. जाळी ठेवायच्या खोपीत जाऊन पडून राहिला. होडी तशीच बांधलेली. चौथ्या दिवशी त्याची बायको येसू भाकरी घेऊन आली.

"माझ्याने नाही होत," धाकू म्हणाला. "सात वेळा सोडली, सात वेळा धरली. कुठल्या तोंडाने येऊ?"

येसूने भाकरी पुढे केली. "गावात पिणारे वीसेक असतील. त्यातल्या कितीजणांनी सात वेळा सोडली?"

धाकूने विचार केला. "एकानेही नाही. एकदासुद्धा नाही."

"मग तुमच्याइतका सराव कोणाला आहे?"

धाकूला आधी हसू आलं, मग रडू. भाकरी खाऊन तो उठला आणि आठव्यांदा घंटा वाजवून आला.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी पलीकडच्या वाडीत एक बाई अडली. खाडीला उधाण होतं. सुईण आवडाबाई धक्क्यावर आली, तर दारूवाचून धाकूचे दोन्ही हात लटलटत होते.

"अरे, तुला वल्हं धरता येईल का?"

"धरता येईल, आवडाबाई. थांबवता यायचं नाही."

आणि तसंच झालं. त्या थरथरीने वल्ही अशी चालली, की वर उडणारा खंड्या मागे पडला. होडी पलीकडे काठाला न थांबता वाळूवरून थेट बाळंतिणीच्या अंगणात शिरली, असं म्हणतात. मुलगी झाली. आई-लेक दोघी सुखरूप.

त्यानंतर धाकू कधीच प्यायला नाही, असं मात्र कोणी म्हणत नाही. तो आणखी तीनदा घसरला. पण पुन्हा खोपीत लपला नाही, दुसऱ्याच दिवशी घंटेपाशी हजर व्हायचा. अकराव्यांदा सोडली, ती मरेपर्यंत. चांगली बावीस वर्षं.

आता पूल आहे, होडीचं काम उरलेलं नाही. तरी पाणकोंडात कोणी दारू सोडली की पहिल्या दिवशी त्याच्या हातात वल्हं देतात. त्याने पलीकडे जाऊन परत यायचं, आणि तोवर गावाने धक्क्यावर उभं राहायचं. का प्यालास, हे कोणी विचारायचं नाही. याला 'धाकूची खेप' म्हणतात.

गेल्या साली दामू सुतार सहाव्यांदा आला, मान खाली घालून. धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यांवर हात टेकून कशाबशा उठल्या.

"कितवी रे?" एकीने विचारलं.

"सहावी, काकी."

"धाकूला अकरा लागल्या. तुझं लवकर आवरेल, असं दिसतं," ती म्हणाली. "बस होडीत."