लॅपटॉप नक्की कोणाचा?

"लॅपटॉप माझाच राहिला पाहिजे आणि नव्यासारखा पळालाही पाहिजे," तात्यासाहेब इंगवले म्हणाले. "जमत असेल तर हात लावा."

तात्यासाहेब शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. लॅपटॉप अकरा वर्षांचा. सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. तेवढ्या वेळात तात्यासाहेब पेपर वाचून काढत आणि संस्थेच्या भवितव्याचा विचार करतोय असं सांगत. लॅपटॉपमध्ये त्यांची दोनशे सात भाषणं होती. तारखा निराळ्या, भाषण बहुतेक एकच.

समोर मेहरुन शिकलगार उभ्या होत्या. संस्थेच्या मुलींच्या शाळेत त्या कॉम्प्युटर लॅब सांभाळत. लॅबमधले वीस कॉम्प्युटर रडतखडत चालत, म्हणून मोठी मेमरी आणि नव्या डिस्का मागायला त्या आल्या होत्या. तात्यासाहेबांच्या मते जुनं यंत्र सुधारत नसतं. सगळं भंगारात काढावं आणि त्या खोलीत आपल्याला सत्कारांत मिळालेल्या शाली ठेवाव्यात, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं.

"जमलं तर वीसही कॉम्प्युटरना सामान मंजूर," ते म्हणाले. "नाही जमलं तर सोमवारी लॅब रिकामी करायची."

मेहरुनबाईंनी लॅपटॉप नेला. जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या, वेगवान एसएसडी डिस्कवर उतरवलं. मागचे स्क्रू काढून ती आत बसवली, मेमरीची छोटी पट्टी काढून दुप्पट मोठी लावली. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप तात्यासाहेबांच्या टेबलावर होता.

त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं पेपर उचलला. घडी उलगडेपर्यंत स्क्रीन उजळलासुद्धा. भाषणं मोजली. दोनशे सात. 'सन्माननीय'मधली चूकही जागची हलली नव्हती.

आता सामान द्यावं लागणार, हे लक्षात आल्यावर तात्यासाहेबांनी घसा साफ केला.

"आतलं काय बदललंत?"

"मेमरी आणि हार्डडिस्क, साहेब."

"म्हणजे आठवण गेली, साठवणही गेली. उरलं ते नुसतं टरफल. हा माझा लॅपटॉप नव्हे, शिकलगारबाई. अट मोडलीत तुम्ही."

शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका खाली बघू लागल्या. मेहरुनबाईंनी मात्र पिशवीतून एक पाकीट काढलं. आतली जुनी डिस्क आणि मेमरीची पट्टी तात्यासाहेबांच्या हातावर ठेवली.

"बरोबर आहे, साहेब. मग तुमचा लॅपटॉप हा. सांभाळून न्या." त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप मिटून काखोटीला मारला. "हा कोणाचाच नाही म्हणता, तर मुलींच्या उपयोगी पडेल."

"अहो, परवा झेंडावंदन आहे. माझं भाषण?"

"तुमच्या हातातच आहे. माईकसमोर धरा आणि वाचा."

तात्यासाहेबांनी हातातल्या धातूच्या वडीकडे पाहिलं, मग दाराकडे निघालेल्या लॅपटॉपकडे.

"थांबा. तो लॅपटॉप माझा आहे."

"नक्की, साहेब? तुमचाच?"

"माझाच हो."

"आणि पळतोही."

तात्यासाहेब पोट धरून हसत सुटले. हसता हसताच त्यांनी वीस कॉम्प्युटरच्या सामानाच्या अर्जावर सही केली आणि मुख्याध्यापिकांना सांगितलं, "सोमवारपासून शिकलगारबाई लॅबच्या प्रमुख. आणि यापुढे माझ्या अटी आधी त्यांना वाचायला देत जा."