राजाच्या पाठीखालचे खडे

एका राज्यात राजाला कष्टांची भारी हौस होती, आणि त्या हौसेचे कष्ट बाकीच्यांना होते. राजाचे नाव अरिंजय. वर्षातले चार महिने तो महाल सोडून रानात मुक्काम करी, गादीला पाठ लावीत नसे, उघड्या जमिनीवर नुसता पंचा अंथरून निजे आणि सकाळी उठून सांगे, "भूमातेसारखे अंथरूण नाही!" भोवतालचे लोक माना डोलावीत.

आवडाबाई तेवढी डोलावीत नसे. ती फरासखान्याची मुख्य. तंबू, राहुट्या, जाजमे, गाद्या-गिरद्या सारे तिच्या ताब्यात. राजाला ठाऊक नसलेली एक गोष्टही तिच्याच ताब्यात होती. राजा निजणार ती जागा ती आधी गुडघ्यांवर बसून चाचपे, खडा न् खडा वेची, चाळलेली माती पसरी आणि वर पुन्हा पालापाचोळा टाकी, म्हणजे जमीन कोणी हात न लावल्यासारखी दिसावी. तिच्या आधी हे काम तिची आई करी. आवडाबाईच्या अठरा वर्षांत राजाच्या पाठीला एक खडा लागला नव्हता. ती स्वतः तंबूच्या दाराबाहेर निजे. तिथले खडे कोणी वेचीत नसे.

एका मुक्कामी एक म्हातारी आली. ती चेटकीण होती. तसे तिने सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. ती राजाला म्हणाली, "बाळा, एक घोंगडी दे आणि टेकायला जागा दे."

राजा प्रेमाने म्हणाला, "आजी, घोंगडी कशाला? ही जमीन आहे ना! मी स्वतः तिच्यावरच निजतो. पाहा माझी पाठ, कशी ताठ आहे."

तंबूमागे आवडाबाई उभी होती. तिच्या गाड्यांत सतरा गाद्या आणि चाळीस घोंगड्या होत्या. पण जमीन टोचते असे सांगायला तोंड उघडावे तर खड्यांचे बिंग फुटेल. ती गप्प राहिली.

म्हातारी म्हणाली, "ज्या राज्यात पाहुण्याला अंथरूण नाही, त्या राज्याला झोप कशाला?" तिने हवेत हात घालून, दोरीवरची चादर ओढावी तशी साऱ्या राज्याची झोप ओढली, घडी घालून झोळीत टाकली आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून कोणाचा डोळा लागेना. न्यायाधीश भर सभेत रडू लागले, सेनापती आपल्याच तलवारीशी भांडू लागले. आवडाबाईची मुलगी तुळसा नऊ वर्षांची. ती काडीसारखी वाळली. चाळिसाव्या दिवशी वैद्याने तिची नाडी पाहिली आणि म्हटले, "झोप आली तर वाचेल. अमावास्येपुढे ती तग धरणार नाही." अमावास्येला सात दिवस उरले होते.

एकेचाळिसाव्या दिवशी दरबाराच्या खिडकीत एक टिटवी येऊन बसली आणि बोलली, "झोप काळ्या डोंगरात आहे. वाट तीन दिवसांची. दोनच माणसांनी यावे. डोंगराला तीन दारे आहेत. पहिल्या दोन दारांपुढे, जमीन असेल तशा जमिनीवर, एकाने घटकाभर निजावे. पाठ हलली की दार उघडत नाही. तिसऱ्याचे तिसऱ्यापाशी."

राजा हर्षाने उठला. "जमिनीवर निजायचे? मग हे काम माझेच!"

"मी सोबत येते," आवडाबाई म्हणाली. कारण तिने सांगितले नाही, पण साऱ्या दरबाराला तुळसा ठाऊक होती.

निघताना राजाच्या हाती एक काठी होती. आवडाबाईच्या डोक्यावर वळकटी होती: एक गादी, एक उशी, दोन घोंगड्या, छत्री, तांब्या, सुंठेची डबी, चिमटा.

"आवडाबाई, हा प्रवास आहे की वऱ्हाड?"

"वऱ्हाडात ओझे गाडीत असते, महाराज. इथे ते माझ्या डोक्यावर आहे. आपल्याला त्याचा त्रास नसावा."

राजा वाटभर बोलत राहिला. वारा किती मोकळा, झऱ्याचे पाणी किती गोड, उशी ही माणसाच्या मानेची कशी वैरीण! आवडाबाई पावले मोजीत राहिली. पहिल्या दुपारी ऊन तापले, तेव्हा राजा म्हणाला, "ती छत्री सहज पाहू." संध्याकाळी त्याचा घसा बसला. "सुंठ असेल तर सहज चघळतो." पहाटे गारठा पडला. "घोंगडी सहज अंगावर घेतो, तुमचे ओझे तेवढेच कमी." आवडाबाईने तिन्ही वेळा वळकटी सोडली आणि तिन्ही वेळा बांधली. गाठ मात्र दर वेळी अधिक करकचून बसली.

वाट दाखवायला बरोबर आलेली टिटवी मुक्कामाला जमिनीवर उताणी होई आणि दोन्ही पाय वर करी.

"हे कशासाठी?" आवडाबाईने विचारले.

"आकाश पडू नये म्हणून," टिटवी म्हणाली. "मला कोणी सांगितलेले नाही. पण कोणीतरी धरायला हवेच ना?"

आवडाबाईला त्यावर अधिक काही विचारावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी पहिले दार आले. पुढे गोट्यांचे माळरान होते. राजाने पंचा अंथरला, हसतमुखाने आडवा झाला आणि सातव्या श्वासाला ओरडून उठला.

"या जमिनीत काही दोष आहे!"

"जमीन अशीच असते, महाराज."

"मी लहानपणापासून जमिनीवर निजतो आहे, आवडाबाई. तुम्ही मला जमीन सांगता?"

अठरा वर्षे गिळलेले सारे आवडाबाईच्या गळ्याशी आले. घरी पोर डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती आणि हा मनुष्य तिला जमीन शिकवीत होता. "आपण माझ्या चाळणीतल्या मातीवर निजत होता, महाराज! प्रत्येक मुक्कामी दोन घटका मी आपले खडे वेचीत होते. माझ्या आधी माझी आई वेचीत होती."

राजाने पायाखालचा एक गोटा उचलून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे सारे खोटे?"

"तारे खरे होते. वाराही खरा होता. जमीन तेवढी माझी होती."

एवढे बोलून ती गोट्यांवर आडवी झाली. तिच्या पाठीला ही जमीन ओळखीची होती. घटका भरली आणि दार उघडले.

राजाने तिला हात देऊन उठवले. "तुम्ही इतकी वर्षे अशा जमिनीवर निजलात, आणि तरी गादी डोक्यावर घेऊन फिरता?"

"म्हणूनच फिरते, महाराज."

दुसऱ्या दारापुढे सराट्यांचे काटे पसरले होते आणि त्यांवरून लाल मुंग्यांची रांग चालली होती. आवडाबाई पुढे झाली, तेव्हा राजा आडवा आला.

"हे माझे."

"महाराज, आता मानापमान नको. माझ्याकडे दिवस थोडे आहेत."

"मानासाठी नव्हे. एकदा तरी खरोखर निजू द्या."

तो निजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, ओठातून रक्त आले, पण पाठ हलली नाही. टिटवीने घटका पुरी झाल्याचे सांगितले आणि दार उघडले. आवडाबाईने चिमटा काढून त्याच्या पाठीतले तेवीस सराटे उपटले. या वेळी राजा "सहज" म्हणाला नाही.

तिसरे दार उघडेच होते. आत म्हातारी एका ओबडधोबड खडकावर बसली होती. तिचे डोळे निखाऱ्यांसारखे लाल होते. झोळी छातीशी धरलेली होती.

"साऱ्या राज्याची झोप माझ्यापाशी आहे," ती म्हणाली, "आणि पाठ टेकायला जागा नाही. मला निजवा, मग झोळी तुमची."

आवडाबाई झटकन वळकटी सोडू लागली.

"तू नव्हे. घोंगडी मी याच्याकडे मागितली होती. हात याचे. तोंड तुझे, त्या दिवशी ते मिटलेले होते."

आवडाबाईची मान खाली गेली.

राजाने गादी घातली. म्हातारी निजली आणि लगेच उठून बसली. "खाली डोंगर आहे!" राजाने गादी सरकवून पुन्हा घातली. "आता डोके उताराला आले. मी काय वटवाघूळ आहे?"

आवडाबाईचे हात शिवशिवत होते. अंथरूण इतके वाईट घालता येते हे तिने आजवर पाहिले नव्हते. तिने हात पदरात गुंडाळले आणि तोंड उघडले.

"महाराज, गादी आधी उचला. गादी शेवटी! गुडघ्यांवर बसा. नाही, वाकून भागत नाही, बसा. आता चाचपा. तळहाताने नव्हे, तळहात निबर असतो, त्याला बारीक कळत नाही. मनगटाच्या आतल्या अंगाने. तो खडा काढा. त्याच्या खालचा. त्याच्याही खालचा. फेकू नका! उताराच्या अंगाला रचा. हं. आता डोक्याकडे माती ओढा. दोन बोटे. महाराज, ही दोन बोटे आहेत की वीत?"

राज्याचा धनी गुडघ्यांवर बसून खडे वेचीत होता. घामाचे थेंब मातीवर पडत होते. एकदाच तो म्हणाला, "रोज एवढे?"

"रोज एवढे."

गादी पडली, उशी पडली, घोंगडी पडली. म्हातारी तिसऱ्यांदा आडवी झाली. तिने एक कूस पाहिली, दुसरी पाहिली. मग म्हणाली, "बाळा, आता बरे आहे," आणि घोरू लागली. बोटे सैल झाली, झोळी उघडली आणि झोप बाहेर पडून डोंगरांवरून, शेतांवरून, चादर पसरावी तशी राज्याकडे गेली.

दोघे परतीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नगराशी पोचले. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती. वेस आतून बंद होती. पहारेकरी निजले होते, कुत्री निजली होती, बुरुजावरचा निशाणवाला काठीला मिठी मारून निजला होता. राजाने वेशीवर थाप मारायला हात उचलला.

"खबरदार, महाराज! एकालाही उठवाल तर!"

असे राजाशी आजवर कोणी बोलले नव्हते. राजाने हात खाली घेतला.

टिटवी तटावरून आत गेली आणि थोड्या वेळाने परतली. "तुझी तुळसा उजव्या कुशीवर आहे. गोधडी लाथाडलेली आहे, तोंड उघडे आहे, गालावर लाळ आहे. घोरते तर अशी की शेजारच्या घरात उखळ चालले आहे असे वाटावे."

आवडाबाई जागच्या जागी बसली. तिने पदराने तोंड झाकले.

गादी डोंगरात राहिली होती. वळकटीत एकच घोंगडी उरली होती. राजाने ती तिच्यापाशी ठेवली आणि तो गुडघ्यांवर बसला. वेशीबाहेर त्याने दोन जागा साफ केल्या, आधी तिची, मग आपली. आवडाबाईने मनगट फिरवून पाहिले आणि ती कपाळाला आठी घालून म्हणाली, "एक राहिला, महाराज."

"कुठे?"

"आपल्या जागेत."

राजाने तो चाचपून पाहिला. "असू द्या," तो म्हणाला. "एवढा माझा."

पुढच्या मुक्कामापासून राजा पूर्वीसारखाच रानात जाई आणि पूर्वीसारखाच जमिनीवर निजे, पण जागा स्वतः वेची. दाराशी आलेल्या पाहुण्यासाठी पहिली गादी उतरे आणि दुसरी आवडाबाईची असे. भूमातेविषयी तो फारसे बोलत नसे.

त्यांना जशी झोप परत मिळाली तशी ऐकणाऱ्यांनाही मिळो. अंथरूण मऊ असो वा कठीण, खडे ज्याचे त्याने वेचावे.