अध्यक्ष होरेस आणि डॉर्कसबाईंचा सल्ला

सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाचं एक भलंमोठं गाव आहे. त्या गावात एक भोळा अध्यक्ष होता. नाव होरेस. मनानं सोनं, पण डोक्याच्या नावानं आनंदीआनंद. निवडणुकीत त्यानं दोनच वचनं दिली होती. पाव स्वस्त करीन आणि लढाई संपवीन. लढाई एका बेटाच्या राजाशी चालली होती. कशावरून, ते दोघंही विसरले होते.

होरेसच्या घरी डॉर्कसबाई स्वयंपाक करायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सायलस लढाईवर गेलेला. बाईंचा सगळा जीव तिकडे. लढाई एकदाची संपावी म्हणून त्या कणीक मळता मळता होरेसला शहाणपण शिकवायच्या.

"साहेब, बंदरात जहाज दिसलं की अडवायचं. एकही आत सोडायचं नाही."

"बरं," होरेस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गव्हानं भरलेली चाळीस जहाजं आली. होरेसनं चाळीसही अडवली. गावात पाव मिळेना.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती व्यापाऱ्यांची होती! त्यांच्याकडून जकात घ्यायची आणि आत सोडायचं."

"बरं."

मग शत्रूचं तोफांचं जहाज आलं. होरेसनं दर तोफेमागे जकात घेतली, पावती फाडली आणि जहाज आत सोडलं. त्या जहाजानं अर्धं बंदर उडवलं.

"जकात मात्र चोख भरली हो त्यांनी," होरेस म्हणाला.

"अहो, तोफा घेऊन येईल त्याला हाकलून लावायचं!"

"बरं."

पुढं शेजारचा मित्र मदतीला आला. तोफा घेऊनच आला. होरेसनं त्याला पार हद्दीबाहेर पिटाळलं. मित्र रुसला तो रुसलाच.

"आपला माणूस होता तो! तो म्हणेल ते हसून कबूल करायचं, वर आभार मानायचे."

"बरं."

त्यानंतर पिठाचा व्यापारी आला. त्यानं पाचपट भाव सांगितला. होरेसनं हसून कबूल केला, वर आभार मानले. पाव सोन्याच्या भावाला गेला. आता डॉर्कसबाईंचाही तोल सुटला.

"अहो, घासाघीस करतात का नाही? समोरचा काहीही म्हणो, आपण निम्मंच म्हणायचं! उठून जायला निघायचं! आणि सौदा पटला की वर काहीतरी फुकट मागून घ्यायचं!"

"बरं."

इकडे बेटाचा राजाही लढून लढून टेकीला आला होता. पांढरं निशाण लावून तो स्वतःच होरेसच्या दारी आला. बाईंनी खिडकीतून निशाण पाहिलं आणि त्यांना रडूच फुटलं. सायलसला आवडतात म्हणून त्यांनी लगेच सफरचंदं चिरायला घेतली.

दिवाणखान्यात राजा म्हणाला, "लढाई पूर्ण बंद करू."

"पूर्ण? छे! निम्मी."

"निम्मी?"

"निम्मी. पटत नसेल तर राहिलं." होरेस उठून दाराकडे निघाला.

राजा घाबरला. त्यानं घाईघाईनं सही करून टाकली.

होरेस नाचत स्वयंपाकघरात आला. "बाई, निम्म्यावर आणलं! उद्यापासून लढाई एक दिवसाआड. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुमचा सायलस घरी!"

बाईंच्या हातातली सुरी तशीच राहिली. "आणि रविवारी?"

"रविवारची लढाई मी वर फुकट मागून घेतली."