पेवातला कंदील

"…आणि सगळ्यांनाच कळलं, तर मग त्या विद्येची पत काय राहिली, बाबा?"

उद्धवरावांनी मांडीवरच्या बाडावर थाप मारली. चौदा वर्षं खपून वायूंवर लिहिलेला ग्रंथ! आपल्या गुरूचा, गैबीशा फकिराचा हात त्यावर पडावा, एवढ्यासाठीच स्वारी सकाळी नदीकाठी आली होती.

फकीर कडुलिंबाखाली बसलेला. शेजारी कंदील, भर दिवसा पेटलेला. समोर हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड दोन हातांचं, पोट खोलीएवढं. वर्षभर मातीनं लिंपून ठेवलेली ती पेवं आज उघडत होती.

"सोपं करून वाटलं की माल हलका पडतो," उद्धवराव म्हणाले. "ज्याला हवं त्यानं वर चढून यावं."

"हा खाली उतरतोय," फकीर म्हणाला.

पहिल्या पेवाच्या तोंडाशी सिद्राम हमाल उभा होता. कमरेला दोर. काठावर लिंबू कापून ठेवलेलं.

"गेल्या साली याच पेवात याचा थोरला भाऊ मेला. लोक म्हणतात, आत हडळ आहे. तुझा ग्रंथ काय म्हणतो?"

उद्धवरावांना ते पान आठवलं. ते उठून धावले.

"थांब! बंदिस्त पोकळीत कर्बवायूचं आधिक्य होऊन प्राणवायूचा लोप संभवतो!"

सिद्रामनं डोळे मिटून हात जोडले.

"लई उपकार झालं, मालक. मंतर पडला. आता भ्या न्हाई."

आणि तो कमरेपर्यंत आत गेला.

"अरे, मंत्र नव्हे! गुरुत्वाधिक्यामुळे तो वायू तळाशी संचित…"

"पुन्यांदा म्हना, मालक." तो छातीपर्यंत आत.

चौदा वर्षांतला एक शब्द कामी येईना.

त्यांनी मागे धावून फकिराजवळचा कंदील उचलला, खांद्यावरच्या जरीच्या उपरण्याला बांधला आणि सिद्रामच्या बाजूनं आत सोडला.

ज्योत बारीक झाली. निळी झाली. विझली.

वारा कुठंच नव्हता.

"दिव्यालाही श्वास लागतो रे, सिद्राम… खाली तो नाही. दिवा गुदमरला, तूही गुदमरशील. ये वर, लेका, ये!"

सिद्राम वर ओढलेल्या कंदिलाच्या काळ्या वातीकडे बघत राहिला. मग वर आला.

"म्हंजी हडळ…?"

"नाही."

"मग आमचा दादा…"

उद्धवरावांनी मान फकिराकडे वळवली.

आत्ता उद्धवरावांना दिसलं. सिद्रामच्या दोराचं दुसरं टोक फकिराच्या पंजाला तीन वेढे देऊन बांधलेलं होतं. पंजा पांढराफटक पडला होता.

"ते पान कधी लिहिलंस, उद्धवा?"

"…तीन वर्षं झाली."

सिद्रामनं मान वर केली. हे वाक्य त्याला लगेच कळलं.

उद्धवरावांनी त्याची नजर चुकवली. बाड कसंबसं फकिराच्या पायांशी सरकवलं. फकिरानं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विझलेला कंदील त्यांच्यापुढे ठेवला.

"पेटव. आज अकरा पेवं उघडलीत."